बाभूळदऱ्याचा बेलभंडार

२० मार्च १९७१, दिल्ली

आज शपथ झाली. नाव पुकारलं, पुढे गेलो, मराठीत वाचलं, सही केली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसलो. पुरतं मिनिटही लागलं नाही. शेजारी बिहारचे एक वयस्क सभासद होते. ते म्हणाले, "बस, हो गया." मलाही तसंच वाटलं.

गेल्या महिन्यात बाभूळदऱ्याच्या खंडोबापुढची शपथ मात्र सकाळी सुरू झाली ती दुपारच्या भाकरी थंड होईपर्यंत चालली होती. बाभूळदरा म्हणजे आमचं गाव, पारनेरच्या माळावरचे एकशे दहा उंबरे. शेजारच्या माळवाडीचे पुंजारामअण्णा समोरच्या उमेदवाराचं काम करत होते आणि बाभूळदऱ्यातली पंचवीस घरं फोडून दाखवतो म्हणून मिशीला पीळ देत होते. तेव्हा माझा धाकटा भाऊ सोपान बेल आणि भंडारा घेऊन देवळात आला. आमच्याकडे एकदा बेलभंडार उचलला की माणूस जीव देईल पण शब्द मोडणार नाही. शब्द मी सांगितले: गहिनीनाथाच्या, म्हणजे माझ्या, घराशिवाय दुसऱ्याला मत देणार नाही, पुंजारामाचा उंबरा चढणार नाही, त्याच्या हातचं अन्नपाणी घेणार नाही. वकिलाचा मसुदा, कुठे फट ठेवली नाही. घरटी सगळी माणसं पुढे आली, बायकासुद्धा.

शेवटी रंभाजीबाबांनी भंडाऱ्याची वाटी माझ्यापुढे धरली. गावातलं सगळ्यांत वडील माणूस. म्हणाले, "गहिन्या, शपथ एका अंगानं नसती. तू बी उचल."

"काय म्हणू, बाबा?"

"आमी हाक मारली की येशील, येवढंच म्हन."

उचलला. बोटं पिवळी झाली ती नगरला पोचेपर्यंत तशीच होती.

३ एप्रिल १९७१

लोकसभेच्या कचेरीतून फॉर्म आला आहे. सभासदांच्या परिचयाचं पुस्तक निघतं, त्यासाठी. जन्मतारीख १ जून १९२६ लिहिली. ती मास्तरांची देणगी. आमच्या पिढीतला अर्धा तालुका एक जूनलाच जन्मला आहे. शिक्षण बी.ए., एलएल.बी. व्यवसाय वकिली आणि शेती. सार्वजनिक कार्याच्या रकान्यात जिल्हा परिषद, दोन शिक्षणसंस्था, एक ग्रंथालय. कायमचा पत्ता: मु. बाभूळदरा, ता. पारनेर, जि. अहमदनगर.

आई-वडील एकाच वर्षी गेले तेव्हा मी दहाचा, सोपान दोनाचा. सोपानला रंभाजीबाबा आणि दगडाबाईंनी आपल्या घरी वाढवलं. मला नगरच्या बोर्डिंगात घातलं. दगडाबाई दर शनिवारी घरोघर फिरून एकेक भाकरी गोळा करायची आणि बाबा रविवारी ते गाठोडं घेऊन यायचे, अर्धी वाट पायी, अर्धी सर्व्हिस मोटारीने. सात वर्षं. बाजरीच्या चवीवरून भाकरी कोणाच्या घरची हे मी ओळखायचो.

ह्याला फॉर्मात रकाना नाही. बायकोला, रतनला, तसं म्हणालो. ती म्हणाली, "शिक्षणाच्या रकान्यात लिहा की. बी.ए., एलएल.बी., भाकरी." मी हसलो. ती हसत नव्हती, पण रतनचं असंच असतं.

११ ऑगस्ट १९७१

सभागृहात पहिलं भाषण. सात मिनिटं. कोरडवाहू शेतीवर बोललो. दोन वेळा बाकं वाजली. नंतर एका मंत्र्यांनी स्वतःहून हात मिळवला. नॉर्थ ॲव्हेन्यूतली जागा आता अंगवळणी पडली आहे. माळ्याला मी झेंडू लावायला सांगितला.

३० जुलै १९७२

पाऊस नाही. मागची दोन वर्षंही यथातथाच होती. पेरलेलं उगवलं नाही, आणि बाभूळदऱ्यात बऱ्याच जणांनी पेरलंच नाही म्हणतात. रंभाजीबाबांचं कार्ड आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहवलेलं: "हिरीत पाणी न्हाई. गुरं इकायची का ठिवायची? येऊन सांग."

लेटरहेडवर उत्तर दिलं. शासन परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे, धीर धरावा. मास्तर वाचून दाखवतील.

९ ऑक्टोबर १९७२, नगर

आमच्या भागाचे आमदार गेले. भला माणूस, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. स्मशानातून परतताना गाडीतच सोपान म्हणाला, "दादा, ह्या टायमाला मी." जानेवारीत पोटनिवडणूक होईल. समोर पुंजारामअण्णांचा मुलगा उभा राहणार हे उघडच आहे. चितेची राख निवायच्या आत हे बोलणं मला आवडलं नाही, असं इथे लिहून ठेवतो. सोपानला मात्र हो म्हणालो.

२६ ऑक्टोबर १९७२

माळवाडीला दुष्काळी काम निघालं. पाझर तलाव. काम सरकारी, पण नारळ अण्णांनी फोडला, मुकादम अण्णांचा पुतण्या, आणि हजेरीचे बिल्ले अण्णांच्या ओट्यावरून वाटतात. मजुरांना वाटायची सुकडीही तिथेच शिजते. आसपासच्या सात गावांची माणसं खडीवर आणि मातीवर आहेत.

बाभूळदऱ्याचं एकही माणूस नाही. मामलेदार मला फोनवर सांगत होते, "साहेब, निरोप पाठवला, जीप पाठवली. म्हणतात, आमचा भंडारा हाय."

छाती भरून आली. एकशे दहा उंबरे आणि पावणेदोन वर्षांनंतरही एकजण हललेला नाही. असली निष्ठा दिल्लीत कोणाला सांगितली तर खोटी वाटेल. संध्याकाळी रतनला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. म्हणाली, "मग ते खातात काय?"

२ नोव्हेंबर १९७२

चूक माझी आहे, हे कबूल करायला हवं. मसुद्यात मुदत घालायची राहून गेली. "निवडणूक होईपर्यंत" हे दोन शब्द. साधा भाडेकरार केला तरी मी मुदत आधी लिहितो. देवळात बायका-माणसांची गर्दी, बेल, घंटा, त्यात सुचलं नाही.

रीत अशी की ज्याने भंडारा उचलायला लावला त्यानेच समक्ष जाऊन देवापुढे तो परत ठेवायचा, म्हणजे माणसं मोकळी. निरोपाने होत नाही, पत्राने होत नाही. मी गेलो तर अर्ध्या तासाचं काम. परवा जातो.

४ नोव्हेंबर १९७२

जीपने निघालो. सोपान बरोबर होता. फाट्यावर आलो. तिथून डावीकडे दीड कोस बाभूळदरा, उजवीकडे माळवाडी. देवळावरचं निशाण दिसत होतं. सोपानने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि मला खाली उतरवून बाजूला नेलं.

"दादा, आज भंडारा सोडवला तर उद्या गाव अण्णाच्या वट्यावर. परवा बिल्ले. आन् जानेवारीत अण्णा म्हननार, मी जगवलं तुमाला, आता टाका मत. तीनशे मतं गेली. तेवढ्यावरच निकाल हाय."

"माणसं उपाशी आहेत, सोपान."

"मी बी त्याच गावचा हाय. मला माया न्हाई का? तुमी कलेक्टरला सांगून आपल्या गावाला वेगळं काम काढा. मंग कुनाच्या दारी जायाचं कामच न्हाई."

हा विचार मला सुचायला हवा होता. भंडाराही राहील आणि माणसंही जगतील. तिथूनच गाडी वळवून नगरला कलेक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, पाहणी करून घेतो. मन हलकं झालं.

१९ नोव्हेंबर १९७२

पाहणी झाली. बाभूळदऱ्याची जागा तलावाला योग्य नाही, खाली खडक फुटका आहे. आता रस्त्याचं काम बसवता येईल का ते पाहताहेत. त्याचा प्रस्ताव वर जाईल. उद्या मी दिल्लीला, अधिवेशन सुरू झालं आहे.

आज सकाळी दगडाबाई आली. पारनेरपर्यंत पायी, पुढे कोणाच्या तरी ट्रकमधून. वय सत्तरीचं. दारात उभी राहिली तेव्हा मी चटकन ओळखलं नाही. रतनने हात धरून आत आणलं आणि ताट वाढलं. हे घर पुंजारामाचं नव्हे, तेव्हा इथे तिला खायला हरकत नव्हती. दोन घास खाल्ले आणि बाकीची भाकरी पदरात बांधली.

मी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"त्यांचं काय इचारतोस. आपल्या वाट्याचं सुनंला देत्यात. मनकर्णा दोन जिवाची हाय." मग नीट बसली, पदर सारखा केला आणि कोर्टात साक्ष द्यावी तशी म्हणाली, "गहिनी, गावानं पाठवलंय मला. हाक मारायला आले. ऐकलीस न्हवं?"

"ऐकली."

"मंग कवा येतोस?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. रस्त्याचा प्रस्ताव, अधिवेशन, पोटनिवडणूक. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. ती ऐकत होती. "बरं," म्हणाली. मामलेदारांच्या नावे चिठ्ठी दिली, धान्याची काही तरी सोय करा म्हणून. रतनने पंधरा-वीस भाकरी थापून तिच्या गाठोड्यात घातल्या.

ती गेल्यावर रतन म्हणाली, "अहो, ती हाक मारायला आली होती, कैफियत ऐकायला नाही." मी म्हणालो, राजकारण तुला कळत नाही. ती परातीतलं पीठ झाडत बसली.

५ डिसेंबर १९७२, दिल्ली

आज दुष्काळावर चर्चा. वीस मिनिटं मिळाली. महाराष्ट्राच्या खेड्यांतली परिस्थिती मांडली. म्हणालो, "माझ्या मतदारसंघात एक म्हातारा स्वतःच्या तोंडचा घास गरोदर सुनेला देतो आहे." दोन्ही बाजूंच्या सभासदांनी येऊन पाठ थोपटली. उद्याच्या मराठी वर्तमानपत्रांत येईल.

इतकं चांगलं मी ह्याआधी कधी बोललो नव्हतो.

१३ डिसेंबर १९७२

मास्तरांची तार. रंभाजीबाबा काल सकाळी गेले.

दुपारभर खोलीत बसून होतो. सात वर्षं रविवारी बोर्डिंगाच्या फाटकाशी उभे राहणारे बाबा. पायात वहाणा, पण गावाची वेस ओलांडल्यावर घालायचे, झिजू नयेत म्हणून. मला पाहिलं की आधी गाठोडं पुढे करायचे, मग "बरा हाईस न्हवं?" विचारायचे. मी रडलो. इथे ते लिहायला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तार वाचल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं? वाटी त्यांनी धरली होती. मला शपथ घालणारा माणूस आता राहिला नाही. हे मनात आलं, आणि बरं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं.

उद्या महत्त्वाचं मतदान आहे, सगळ्यांनी हजर राहायचा पक्षाचा आदेश आहे. जाता येणार नाही. दहाव्याला रतन जाते म्हणाली.

२३ डिसेंबर १९७२, नगर

रतन बाभूळदऱ्याहून आली. जेवण झाल्यावर बोलली. मामलेदारांनी चिठ्ठीवर ज्वारीची पोती पाठवली होती, पण ती उतरवली माळवाडीत, अण्णांच्या गोदामात, कारण दुसरीकडे गोदाम नाही. अण्णांनी निरोप धाडला, येऊन न्या, मला शपथबिपथ नको, माणसं मरू देऊ नका. कोणी गेलं नाही. मत चुकायला नको म्हणून ऊसतोडीलाही कोणी बाहेर पडलेलं नाही. गावात आता बैल अकरा राहिलेत. बरबड्याच्या गवताचं बी आणि तरवडाचा पाला शिजवून खातात. झऱ्यावर पाण्याला पाळी लावली आहे, एका घराला दोन हंडे.

"अण्णाच बरा म्हणायचा," मी म्हणालो. खरंच तसं वाटलं. तो असं काही करेल हे मी धरलं नव्हतं.

रतन म्हणाली, "उद्या चला. मी येते बरोबर. अर्ध्या तासाचं काम म्हणाला होतात."

"चार आठवडे राहिलेत."

"तुम्हाला तो भंडारा सोडवायचा नाही. वापरायचाय." ती उठून गेली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, असं ती कधी बोलली नव्हती. मी रागावलो, तो राग अजून गेलेला नाही. रस्त्याचं काम मंजूर झालं आहे, हे मी तिला सांगणार होतो. एक फेब्रुवारीला सुरू होईल.

२१ जानेवारी १९७३

मतदान. बाभूळदऱ्याचं केंद्र माळवाडीच्या शाळेत असतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. सोपानलाही काळजी होती. शाळा म्हणजे काही अण्णांचा उंबरा नव्हे, पण ही माणसं काय अर्थ लावतील सांगता येत नाही. माझ्या गाडीने मी फाट्यापर्यंतच गेलो.

दहाच्या सुमारास आले. सगळं गाव एका रांगेत, पुढे बायका. दोघा म्हाताऱ्यांना बाजेवर घालून आणलं होतं. त्यांच्या पायांचा आवाज तेवढा येत होता. मी गाडीतून उतरलो नाही. उतरलो असतो तर प्रचार केल्यासारखं झालं असतं.

तीनशे चार मतदारांपैकी दोनशे एक्क्याण्णव. उरलेले तेरा एक तर गेलेले किंवा उठू न शकणारे. सोपान दुपारी हसत आला, "दादा, जिंकलो."

२३ जानेवारी १९७३

सोपान दोनशे अठरा मतांनी निवडून आला.

मिरवणुकीत गुलाल होता, ताशे होते. माणिक चौकात शाळेचे मास्तर गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. गुलालाने ते पार लाल झाले होते. कानाशी तोंड आणून त्यांनी सांगितलं. परवा मतदानाच्या रांगेत दगडाबाईंच्या सुनेला, मनकर्णाला, भोवळ आली. दारातच पुंजारामअण्णांनी पाण्याचे रांजण ठेवले होते. केंद्रावरच्या शिपायाने तांब्या तिच्या तोंडाला लावला. तिने दात मिटून घेतले. दगडाबाई म्हणाली, "पी गं, देव माफ करंल." तिने मान हलवली. उठून आत गेली, बोटाला शाई लावून घेतली, मत टाकलं. परतताना ओढ्याच्या अलीकडे बांधावर बसली ती उठलीच नाही.

ताशे फार जवळ वाजत होते. मी मास्तरांना दोनदा सांगायला लावलं. ऐकू आलं होतं पहिल्यांदाच.

२५ जानेवारी १९७३

बाभूळदऱ्याला गेलो. एकटा. बेल घेतला होता.

वेशीत गाठोडी, उतरंडी, कोंबड्यांची डालगी. दोन बैलगाड्या भरल्या होत्या, बाकी डोक्यावर. गाव निघालं होतं, कोपरगावकडे, गोदावरीच्या काठाला. तिकडे ऊसतोड मिळते. कोणी मला रामराम केला, कोणी केला नाही. दगडाबाई देवळाच्या पायरीवर बसली होती.

मी म्हणालो, "आई, भंडारा सोडवायला आलोय." मी तिला आई कधी म्हणत नव्हतो. सोपान म्हणायचा.

"सोडवायचा काय ऱ्हायलाय त्यात? सोपानला आमदार केला. आमचा आमी फेडला. आता कुनाच्या बी दारी जाऊ."

"मी यायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली.

मला वाटलं ती आणखी बोलेल, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी तिच्या पायाशी बसलो. मी म्हणालो, बाबा गेले, मनकर्णा गेली, ते माझ्यामुळे. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "त्वा उचलला हुता तो तुझ्यापाशी हाय. तो आमाला न्हाई सोडवता येत. हाक मारनारं मानूस पायजे, ते आता न्हाई." हे तिने रागाने सांगितलं नाही. एखाद्याला वाट सांगावी तसं सांगितलं.

मग उठली. गाठोडं सोडलं, आतून एक भाकरी काढली, बरबड्याची, काळी, आणि फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "सकाळपून उपाशी असशील. लांबचं जायचंय तुला."

मी नको म्हणू शकलो नाही. गाड्या हलल्या. शेवटचं माणूस ओढ्यापलीकडे जाईपर्यंत मी पायरीवर होतो. नंतर गावातून फिरलो. दारं उघडीच होती. रंभाजीबाबांच्या दाराशी उभा राहून बाबांना हाक मारली. का मारली ते मला सांगता येणार नाही. दोनदा मारली.

फाट्यावर येईपर्यंत जीपमध्ये मी ती भाकरी खाल्ली. भूक लागली होती. कोणाच्या घरची ते ओळखता आलं नाही.

१६ फेब्रुवारी १९७३, दिल्ली

रतन नगरलाच राहिली आहे. बाभूळदऱ्याचं रस्त्याचं काम एक तारखेला सुरू झालं होतं. मजूर मिळत नाहीत म्हणून आठवड्यात बंद केलं, असं मामलेदारांचं पत्र आहे.

लोकसभेच्या कचेरीकडून परिचयाच्या पुस्तकाचं छापील पान तपासायला आलं. पुढच्या आवृत्तीसाठी. जन्म, शिक्षण, व्यवसाय, सार्वजनिक कार्य, सगळं बरोबर आहे. एक टायपाची चूक नाही. खाली कायमचा पत्ता: मु. बाभूळदरा. दुरुस्ती असल्यास कळवावी, नसल्यास तसं लिहून आठ दिवसांत परत पाठवावं.

सकाळपासून ते पान टेबलावर होतं. आत्ता सभागृहात जायची घंटा झाली तेव्हा "दुरुस्ती नाही" असं लिहिलं आणि सही केली.